न सुकलेली पाकळी

१

सिमेंटच्या बदकाचं डोकं झेंडूच्या वाफ्यात पडलं होतं. धड मात्र जागच्या जागी उभं होतं, पाण्याला निघाल्यासारखं. आजूबाजूला कुंड्यांची लाल खापरं आणि सांडलेली काळी माती, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा. मधोमध ती गाडी होती. पांढरी, गोल नाकाची, स्वतःची स्वतः चालणारी. काहीतरी सांडून ठेवलेल्या शहाण्या मुलीसारखी ती गप्प उभी होती.

अपघातांच्या चौकशी कचेरीतला तपासनीस रोपवाटिकेचं फाटक ढकलून आत आला आणि आधी बदकासमोर थांबला. आडवा बांधा, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि सदऱ्याच्या खिशात सदा काही ना काही. कुठे मणी सापडला, कुठे स्क्रू सापडला की तो खिशात टाकायचा. त्यामुळे बायको त्याला लाडाने कावळा म्हणायची.

"माणसं?" त्याने विचारलं.

"माणसांना काही झालं नाही," रोपवाला म्हणाला. "आत एक आजी होत्या. मी धावत जाऊन दार उघडलं, तर मलाच विचारतात, 'तुम्हाला लागलं नाही ना?' बदकाचं मात्र बघा."

"बघतोय."

"माझ्या लग्नाच्या आधीपासून उभं होतं ते. बायकोपेक्षा जुनं."

"हे बायकोला सांगितलंत?"

"तीच म्हणाली."

तपासनीस हसला आणि गाडीत डोकावला. ड्रायव्हरच्या सीटवर माती होती. पण माती कुठे नव्हती? स्टिअरिंगजवळच्या दांडीला एक पिवळी पाकळी अडकली होती. ती त्याने अलगद सोडवली आणि सवयीने खिशात टाकली. मग मागे वळून भिंतीकडे पाहिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचलेली झाडं तिथे ओळीने लावून ठेवली होती. मातीच्या कुंड्यांत गुलाब, जास्वंद, शेवंती, आणि टोकाला निळ्या पत्र्याच्या डब्यात एक लिंबाचं झाड.

तेवढ्यात गाडीच्या कंपनीची इंजिनीयर आली. लहान चणीची, भरभर बोलणारी मुलगी. तिने आपल्या यंत्राला वायर जोडली, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि सुटकेचा श्वास टाकला.

"आमची गाडी सुटली," ती म्हणाली. "या वळणावर गाडी गाडीला चालवत नव्हती. माणूस चालवत होता. ड्रायव्हरच्या सीटवर, बेल्ट लावून. स्टिअरिंग त्याने ओढून घेतलं, गाडीने ताबा दिला, आणि त्याने वळण घेतलंच नाही. जबाबदारी त्याची."

"आत कॅमेरा?"

"आत नसतो. लोक गाडीत रडतात, घोरतात, भांडतात. त्यांना नको असतो."

तपासनीसाने रोपवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही दार उघडलंत तेव्हा आजी कुठे बसल्या होत्या?"

"बाजूच्या सीटवर."

"आणि ड्रायव्हरच्या सीटवर?"

रोपवाल्याने डोकं खाजवलं. "माझं सगळं लक्ष आजींकडे. पानं-माती दिसली, पण तिथे कोणी माणूस नव्हता हो."

२

आजी एका शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर डोळ्यांनी दगा दिला. माणूस दिसे, त्याचं हसू दिसत नसे. अशा लोकांना या शहरात एक कार्ड मिळतं. गाडीने गाडी चालवायची, आपण नुसतं बसायचं आणि वाटेल तिकडे जायचं. अट एकच: चालत्या गाडीत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लावला, की कार्ड जप्त. मग दुकान, दवाखाना, मैत्रिणीचं घर, सगळ्याला कोणाचा तरी हात धरायचा.

त्यांच्या घराच्या गच्चीवर ऊन पसरलं होतं. कठड्याजवळ फरशीवर तांबारलेला चौकोनी डाग होता, बऱ्याच दिवसांचं काहीतरी नुकतंच उचलल्यासारखा. आजी वेताच्या खुर्चीत होत्या आणि पाठीमागे एक कापडी पिशवी त्यांनी उशीसारखी दाबून धरली होती. त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. समोरच्याने जांभई दिली तरी तो आत डोकावून घ्यायचा.

"आई, सरळ सांग," तो म्हणाला. "स्टिअरिंगला हात लावलास?"

"नाही."

"मग कोणी ओढलं ते?"

"मी त्या सीटवर बसतच नाही. ती ह्यांची जागा."

तपासनीसाला उमगलं. आजोबा होते तोवर गाडी तेच चालवायचे आणि आजी शेजारी बसायच्या. आजोबा गेले, गाडी बदलली, चालवणारं कोणी उरलं नाही. तरी आजी दार उघडून शेजारीच बसत आल्या होत्या.

"गाडीत तुम्ही एकट्याच होता?"

"एकटीच," आजी म्हणाल्या. "माणूस म्हणाल तर एकटीच."

"मी तर गाडी बंद करा म्हणून कंपनीला दोनदा कळवलं होतं," मुलगा तपासनीसाला म्हणाला. "माझ्याकडे राहायला ये म्हटलं, तर हिला तिथे करमत नाही."

"तुझ्याकडे दिवसभर लोक 'आ' करून बसलेले असतात. एकाचाही सूर लागत नाही."

तपासनीस खोकल्यासारखं करून हसला. पण मनात त्याने मुलाच्या नावापुढे एक खूण केली. आईचं कार्ड गेलं, तर सगळ्यात सोयीचं कोणाला होतं?

पदराचं टोक अंगठ्याभोवती गुंडाळत आजी ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागल्या. दोन आखूड, एक लांब, मग जराशी उसंत. पुन्हा दोन आखूड, एक लांब.

तो निघाला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "कार्ड जाईल का हो माझं?"

"हात लावला असेल तर जाईल."

"हात लावला नाही. हे खरं आहे."

जिना उतरताना तपासनीस मध्येच थांबला. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. पण दूध उतू जाऊन गॅसवर सांडलेलं असताना 'पातेलं पुसलंय' म्हणावं, तसं ते खरं होतं. सांडलेलं भलतीकडेच होतं.

३

कंपनीच्या कचेरीत काचेच्या भिंती होत्या आणि प्रत्येक टेबलावर कोणाचा तरी अर्धा राहिलेला चहा. इंजिनीयर मुलीने त्या वळणाआधीचा आलेख पडद्यावर मांडला. स्टिअरिंग कधी आणि किती ओढलं गेलं, त्याचे लहानमोठे डोंगर.

"फार हलकी ओढ आहे ही," तपासनीस म्हणाला. "एवढ्याने मांजरसुद्धा मांडीवरून उठत नाही."

मुलीने आलेख मोठा केला. "मागच्या महिन्यापर्यंत गाडीने ही मोजली नसती. म्हाताऱ्या माणसांची तक्रार होती, की ओढलं तरी स्टिअरिंग आमचं ऐकत नाही. म्हणून हलकी ओढही हात म्हणून धरायची, असं केलं."

"कोणी केलं?"

"मी." तिने मान खाली घातली नाही. "माझ्या आजोबांच्या हाताला कंप आहे. त्यांचा हात डोळ्यांसमोर ठेवून केलं."

"आणि आत माणूस आहे हे गाडीला कसं कळतं?"

"सीटवर वजन, लावलेला बेल्ट आणि स्टिअरिंगवर ओढ. तिन्ही असले, की गाडी त्याला माणूस समजते. घंटा वाजवते आणि ताबा सोडते."

"विचारते का आधी?"

"नाही. संकटात चालवणाऱ्याला थांबवून कसं ठेवायचं? त्याचा जीव जाईल." ती कळवळून म्हणाली. "आणि काका, खरं सांगू? यात गाडीची चूक निघाली, तर माझा हा बदल कायमचा काढून टाकतील. ज्यांचे हात थरथरतात त्यांना पुन्हा कोणी विचारणार नाही."

तपासनीस पडद्यावरचे डोंगर बघत होता आणि त्याचं बोट टेबलावर आपोआप ताल धरत होतं. दोन आखूड, एक लांब, जराशी उसंत. पुन्हा दोन आखूड, एक लांब. कपातला चहा थरथरला.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"ही गाडी कोणी चालवत नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "कोणीतरी गाणं म्हणत होतं."

पण गाण्याने स्टिअरिंग ओढलं जात नाही. ते कोडं डोक्यात घेऊन तो घरी गेला, तर बायको दोरीवरचे कपडे काढत दारातच उभी.

"ये, कावळ्या. तुझ्या कालच्या सदऱ्याचा खिसा तपासायचा राहिला, आणि तुझी पाकळी सदऱ्याबरोबर धुतली गेली."

"गेली ना मग वाया."

"वाया कसली? धुतली, पिळली, उन्हात वाळवली, आणि आधीपेक्षा फुलून आलीये." तिने तळवा पुढे केला. "कुठल्या बागेतली ही?"

तळव्यावर पिवळाधमक, मऊ, इवलासा झुबका होता. तपासनीसाने चष्मा वर सरकवला, झुबका बोटांत धरून ताणला, आणि तो लांब झाला. पाकळी तुटते. ही लांबत होती.

४

सकाळी तो थेट रोपवाटिकेत गेला. बदकाचं डोकं आता एका पाटावर ठेवलं होतं, तब्येत दाखवायला आलेल्या पाहुण्यासारखं. भिंतीशी ती झाडं तशीच होती. तो ओळीच्या टोकाला गेला.

"हे लिंबाचं केवढ्याला?"

"ते विकायचं नाही," रोपवाला म्हणाला. "म्हणजे, ते माझं नाहीच. मी लिंबं ठेवत नाही, आणि पत्र्याच्या डब्यात तर नाहीच नाही. त्या दिवशी धांदलीत कोणीतरी ओळीत आणून ठेवलं. कोणा गिऱ्हाइकाचं असेल, नेईल येऊन, म्हणून पाणी घालतोय आपलं."

तपासनीस वाकला. झाडाच्या एका बाजूची पानं तिरप्या पट्ट्यात दबून काळपट झाली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत, असं झाडाबद्दल म्हणता येत असेल तर, अगदी तशी. त्याने डबा उचलायला घेतला आणि त्याच्या कंबरेने आवाज केला.

"अहो जपून. एका माणसाचं वजन आहे ते."

"तेच म्हणतोय मी," तपासनीस कंबर धरून म्हणाला. त्याचा चेहरा मात्र परीक्षेत पेपर सोपा आल्यासारखा उजळला होता. "आता एक सांगा. त्या दिवशी तुमच्या कुंड्या कुठपर्यंत होत्या?"

रोपवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या जरा पुढे. फुलं दिसायला हवीत ना येणाऱ्याला. नंतर आत घेतल्या."

"बरं. संध्याकाळी सगळ्यांना इथे बोलावतो. तुमच्याकडे खुर्च्या आहेत?"

"उलट्या कुंड्या आहेत."

"चालतील. आणि गाडी तशीच ठेवा. तो संध्याकाळी येईल, तेव्हा त्याला बसायला लागेल."

"तो कोण?"

"त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर होता तो."

५

उन्हं कलली. उलट्या कुंड्यांवर तिघं बसले: दातांचा डॉक्टर, इंजिनीयर मुलगी आणि रोपवाला. आजींना तपासनीसाने गाडीतच बसवलं, शेजारच्या सीटवर. गाडीची चाकं दगड लावून अडवली होती.

मग तो आणि रोपवाला निळा डबा उचलून घेऊन आले. लिंबाचं झाड ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं आणि बेल्ट लावला. बेल्ट बरोबर दबलेल्या पानांवरून गेला. "मदतीला आलेल्यांना हे रोपवाटिकेतलंच वाटलं, म्हणून त्यांनी उतरवून ओळीत ठेवलं," तपासनीस म्हणाला.

"हे गाडीत होतं?" डॉक्टर उठून उभा राहिला. "आई, बोलली नाहीस ते?"

"मला विचारलंत का कोणी?" आजी म्हणाल्या. "माणूस होता का, एवढंच विचारलंत. ह्यांनी लावलेलं झाड आहे. मुळं डब्यात मावेनात, म्हणून शेजारच्या पोरांकडून गाडीत ठेववलं आणि मोठी कुंडी घ्यायला इकडे आणत होते. मागे ठेवलं तर एकटं पडतं. शेजारी असलं की बोलता येतं. बेल्ट लावला नाही, तर गाडी कटकट करते."

"वजन झालं, बेल्ट झाला," तपासनीस म्हणाला. "आता ओढ. आजी, तुमची पिशवी." आणि त्याने खिशातला पिवळा झुबका त्यांच्या तळव्यावर ठेवला.

आजींना तो दिसला नसेल, पण बोटांना कळला. मग त्यांनी पिशवीतून लोकरीची पिवळी लड काढली. अर्धी लड, अर्धा गुंडा.

"लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "एकाने दोन्ही हातांवर लड धरायची, दुसऱ्याने गुंडाळायची. धरायचं काम ह्यांचं. हे गेल्यावर खुर्चीच्या पाठीवर अडकवून बघितलं, पण खुर्ची जागची हलत नाही, धागा अडकतो. हे हात हलवून द्यायचे ना. आणि गाडीतलं ते चाक आपलं आपण इकडे तिकडे हलत असतं. म्हटलं, बाबा, तू धर जरा."

"आणि सांगितलं नाहीस," मुलगा म्हणाला.

"सांगितलं असतं, तर तू कार्ड जाऊ दिलं असतंस."

मुलाने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"अडकवा," तपासनीस आजींना म्हणाला. "आणि म्हणा."

आजींनी लड स्टिअरिंगवर चढवली आणि गुंडाळता गुंडाळता त्यांचा पिकलेला, गोड आवाज रोपवाटिकेत पसरला.

"लड सुटे, सुटे लड, धागा धावतो अल्लड,
पुढे येई अवघड गाठ एक..."

दोन आखूड, एक लांब. स्टिअरिंग तालात डुललं. टिंग करून घंटा वाजली आणि गाडी अदबीने म्हणाली, "चालकाने गाडी ताब्यात घेतली आहे."

सगळ्यांनी चालकाकडे पाहिलं. वाऱ्याने त्याचं एक पान हललं.

आधी रोपवाला हसला, मग इंजिनीयर मुलगी डोळे पुसपुसून हसली, आणि शेवटी आजीही हसल्या. "त्या दिवशी ही घंटा मी ऐकली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोचलो वाटतं."

६

"आता जबाबदारी कोणाची?" तपासनीस एका कुंडीवर टेकला. "मुलावर मला संशय होता. पण त्याने जे केलं ते उघड कळवून केलं. गाडीला हात लावला नाही. रोपवाल्यांच्या कुंड्या रस्त्यावर आल्या होत्या. त्या आत, बदकासमोर असत्या, तर गाडी त्यांच्या मातीत रुतून बदकाआधीच थांबली असती. म्हणजे बदकाचं त्यांनी स्वतःकडे घ्यावं."

"घेतलं," रोपवाला म्हणाला. "डोकं मीच चिकटवीन."

"आजींनी लोकर नको तिथे अडकवली. तेवढी त्यांची चूक, आणि ती परत करायची नाही. पण कार्डाची अट हात न लावण्याची आहे. हात त्यांनी लावला नाही, आणि ताबा त्यांनी मागितलाही नाही. उरली कंपनी." तो इंजिनीयर मुलीकडे वळला. "तुमच्या गाडीने तीन खुणा जोडून एक माणूस उभा केला आणि सगळा रस्ता त्याच्या हवाली केला. आपण कडेवरचं मूल दुसऱ्याला देतो तेव्हा काय करतो? समोरच्याने धरलं हे कळेपर्यंत सोडत नाही. गाडीने आधीच सोडलं. ज्याने सोडलं, जबाबदारी त्याची."

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे बदल काढून टाकायचा."

"का? हलकी ओढ ओळखणं चांगलंच आहे. ओळखा आणि विचारा. उत्तर येईपर्यंत स्टिअरिंग धरून ठेवा. उत्तर देणारं कोणी नसेल, तर सावकाश कडेला थांबा. संकटात ओढणारा माणूस असा ताल धरून ओढत नाही. ती ओढ वेगळी, हे तुमच्याच आलेखात दिसेल."

ती डोंगर आठवत राहिली, आणि तिचे डोळे चमकले. "दिसतं," ती म्हणाली. "वेगळं करता येईल. चूक कंपनीची, असं मीच लिहून देते. वरती ओरडतील, पण तुमची ती कडेवरच्या मुलाची गोष्ट सांगते त्यांना. आमच्या साहेबांना जुळं झालंय."

"कार्ड?" आजींनी हळूच विचारलं.

"तुमच्याकडेच."

आजींनी लिंबाच्या फांदीवर थोपटलं, जसं शेजारी बसलेल्याच्या हातावर थोपटावं.

"पण ही लोकर कोणासाठी?" मुलाने विचारलं.

"तुझ्या स्वेटरची. तुझ्या दवाखान्यात किती गार असतं."

"पिवळा? आई, मी दातांचा डॉक्टर आहे. पिवळं बघितलं की माझ्या पेशंटांना घाम फुटतो."

"फुटू दे. सूर तरी लागेल."

पुढच्या आठवड्यात पांढरी गाडी पुन्हा त्या वळणावर आली. बदकाची मान जरा वाकडी चिकटली होती, त्यामुळे ते आता येणाऱ्याजाणाऱ्याकडे तिरकं बघायचं. मागच्या सीटवर लिंबाचं झाड बेल्ट लावून बसलं होतं. मोठी कुंडी घ्यायला ते आज पुन्हा निघालं होतं. आजी त्यांच्या नेहमीच्या जागी होत्या. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हात पुढे करून, मनगटांवर पिवळी लड घेऊन दातांचा डॉक्टर बसला होता.

"एवढे ताठ नको धरूस," आजी म्हणाल्या. "सैल सोड. ह्यांनाही आधी जमत नव्हतं."

त्याने हात सैल सोडले, गाण्याबरोबर इकडे तिकडे हलवले, आणि धागा सुटत गेला. वळणावर गाडी किंचित कलली, तसं त्याचं कोपर स्टिअरिंगला घासलं.

टिंग करून घंटा वाजली. "गाडी चालवायची आहे का?" गाडीने विचारलं, आणि स्टिअरिंग घट्ट धरून ती उत्तराची वाट बघत राहिली.

"नाही बाई," तो म्हणाला. "हात मोकळे नाहीत."

गाडीने वळण घेतलं, एकही फूल न हलवता.